ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि मधली पिन: जोडलेल्या वस्तूंची गणितं कशी सोडवायची

उसाचा सीझन चालू झाला की तासगाव रोडला संध्याकाळी कुठल्यातरी ट्रॅक्टरमागं अडकायचंच, पुढं ट्रॅक्टर, मागं एक ट्रॉली, तिच्यामागं अजून एक, ऊस एवढा रचलेला की ड्रायव्हर दिसत नाही, नुसती त्याची गाणी ऐकू येतात. ओव्हरटेक करायला जागा मिळेपर्यंत करायचं काय, तर मी त्या दोन ट्रॉल्यांच्या मधली पिन बघत बसतो.

मी सांगलीत विश्रामबागला अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो आणि दरवर्षी हा चाप्टर आला की पहिला प्रश्न हाच टाकतो, ट्रॅक्टर आणि पहिल्या ट्रॉलीमधल्या पिनवर जास्त जोर येतो की दोन ट्रॉल्यांमधल्या पिनवर? निम्मा वर्ग म्हणतो सारखाच, का तर सगळं एका लाईनीत जोडलंय. दोनचार जण म्हणतात मागच्या पिनवर जास्त. आणि एखादं ट्रॅक्टरवाल्याच्या घरचं पोरगं असतं ते काही न बोलता गालात हसतं, कारण पुढची पिन किती वेळा बदलली ते त्यानं घरी बघितलेलं असतं.

तर कप्पी असू दे, दोरी असू दे, रेल्वेचे डबे असू देत, एकमेकाला टेकून ठेवलेले ठोकळे असू देत, जोडलेल्या वस्तूंचं प्रत्येक गणित म्हणजे हाच पिनचा प्रश्न वेगवेगळे कपडे घालून आलेला असतो. सेमीवाली पोरं फोर्स, मास, ॲक्सलरेशन, टेन्शन म्हणतात, मराठी मीडियमवाली बल, वस्तुमान, त्वरण, ताण म्हणतात, मी इथं जसं तोंडात येईल तसं लिहितो, समजून घ्या. टेन्शनला टी, ॲक्सलरेशनला ए, आणि जी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीचं त्वरण, सोपा जावा म्हणून १० धरतो. पेपरात ९.८ दिलं असेल तर गप ९.८ घ्यायचं.

आता पद्धत. एका वेळी एकच वस्तू धरायची आणि बाकी सगळं हातानं झाकायचं. हे मी खरोखर हातानं झाकायला लावतो, वहीवर आकृती काढली की डावा तळहात ठेवून बाकीचं झाका म्हणतो, पोरं हसतात पण झाकतात. मग जी वस्तू उघडी राहिली तिला विचारायचं, तुला कोण कोण शिवतंय? लहानपणी शिवाशिवी खेळायचो तसं, जो शिवला त्याचाच फोर्स, जो लांब उभा आहे त्याचा नाही. याला अपवाद या चाप्टरमध्ये एकटी पृथ्वी, ती न शिवताच खाली ओढते. दोरी शिवते, ती फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. जमीन किंवा टेबल शिवतं, ते वर ढकलतं आणि खरखरीत असेल तर सरकताना घासतंपण. झालं, एवढेच बाण काढायचे. यालाच पुस्तकात फ्री बॉडी डायग्राम म्हणतात, नाव मोठं आहे पण काम एवढंच.

बाण काढले की ती वस्तू ज्या दिशेनं चाललीय ती दिशा प्लस धरायची, प्लसवाल्या फोर्समधनं मायनसवाले वजा करायचे आणि ते त्या वस्तूच्या मास गुणिले ए च्या बरोबर टाकायचं. त्या वस्तूच्या मासच्या, सगळ्या गाडीच्या मासच्या नाही. आणि एक, मास गुणिले ए हा आकृतीत बाण म्हणून काढायचा नाही. तो कुणी लावलेला फोर्स नसतो, बाकीच्या फोर्सची बेरीज-वजाबाकी झाल्यावर जे उरतं ते तो असतो. दरवर्षी वर्गातली पाच-सहा तरी पोरं पुढच्या दिशेला एक जादा बाण काढून त्याला एमए नाव देतात आणि मग सगळं डबल होतं.

चला ट्रॅक्टर घेऊ. ट्रॅक्टर २ टन, भरलेली प्रत्येक ट्रॉली १० टन, सगळं ०.२ मीटर पर सेकंद स्क्वेअर एवढ्या ॲक्सलरेशननं वेग घेतंय, प्रत्येक ट्रॉलीच्या टायरला रस्त्याचा विरोध ३००० न्यूटन. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या चाकांचा विरोध सोडून देतो. आकडे मी गणितापुरते धरलेत, काट्यावर जाऊन भांडू नका.

सुरुवात मागनं करायची. ही माझी सवय आहे आणि चांगली सवय आहे, कारण शेवटच्या वस्तूला मागनं कोण ओढत नाही म्हणून तिच्यात एकच अनोळखी टेन्शन असतं. मागची ट्रॉली उघडी ठेवा, बाकी झाका. पुढं ओढतीय मधली पिन, तिला टी२ म्हणू, मागं ओढतोय रस्ता ३००० नं. वजन आणि जमिनीचा वरचा धक्का एकमेकाला खाऊन टाकतात.

टी२ − ३००० = १०००० × ०.२ = २०००
टी२ = ५००० न्यूटन

आता पहिली ट्रॉली. तिला तिघं शिवतायत, पुढची पिन टी१ नं पुढं, रस्ता ३००० नं मागं, आणि मागची पिन टी२ नं मागं. हा तिसरा बाण पोरं हमखास विसरतात. मधल्या पिननं मागच्या ट्रॉलीला पुढं ५००० नं ओढलं तर तिनं पहिलीला मागं ५००० नंच ओढलं पाहिजे, न्यूटनचा तिसरा नियम.

टी१ − ५००० − ३००० = २०००
टी१ = १०००० न्यूटन

म्हणजे पुढच्या पिनवर मागच्या पिनच्या डबल जोर. गालात हसणारं पोरगं बरोबर होतं. पुढच्या पिनला तिच्या मागं असलेलं सगळं ओढायचंय, मागच्या पिनला फक्त एक ट्रॉली. आता ट्रॅक्टर, त्याला रस्ता पुढं ढकलतोय एफ नं, पिन मागं ओढतीय १०००० नं.

एफ − १०००० = २००० × ०.२ = ४००
एफ = १०४०० न्यूटन

आता ताळा. ताळा केल्याशिवाय मी वही बघतच नाही. सगळं मिळून एकच मोठी वस्तू समजा, २२ टनाची, पिना आत गेल्या म्हणून त्यांचा विचारच नाही. बाहेरनं एफ पुढं, ६००० मागं. १०४०० − ६००० = ४४००, आणि २२००० × ०.२ पण ४४००. जुळलं.

बघितलं का, काम दोन पद्धतीनं करता येतं. सगळ्याला मिळून एक वस्तू धरली की ए झटक्यात मिळतो पण आतल्या टेन्शनचा पत्ता लागत नाही. एक एक सुटी धरली की टेन्शन मिळतं. त्यामुळं फोर्स दिलाय आणि ए काढायचाय असं गणित असेल तर आधी सगळं एकत्र धरून ए काढा आणि मग जिथलं टेन्शन पाहिजे बरोबर तिथंच गाडी तोडा, आणि ज्या बाजूला कमी वस्तू आहेत ती बाजू सोडवा. परीक्षेत वेळ वाचतो.

ट्रॅक्टर एकसारख्या स्पीडनं चाललाय तेव्हा ए शून्य, मग मागच्या पिनवर ३००० आणि पुढच्यावर ६००० फक्त. उठतानाच जोर जास्त येतो, आणि ड्रायव्हरनं क्लच झटक्यात सोडला तर ए अजून वाढतो आणि पिन मोडायला कारण मिळतं. कधीकधी ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात ते बघितलं असेल, तो टॉर्कचा भाग, इथं नको.

इथं कुणीतरी हुशार पोरगं उठून विचारतंच, सर, बैल गाडीला ओढतो तेवढ्याच जोरानं गाडी बैलाला मागं ओढते, मग गाडी हलती कशी? प्रश्न चांगला आहे आणि जुना आहे, खुद्द न्यूटननं तिसरा नियम समजावताना दोरीनं दगड ओढणाऱ्या घोड्याचं उदाहरण दिलंय. उत्तर परत तळहातातच आहे. बैल झाका, गाडी बघा. गाडीला बैल पुढं ओढतोय, रस्ता मागं ओढतोय, बैलाचा जोर जास्त म्हणून गाडी पुढं. आता गाडी झाका, बैल बघा. बैलाला गाडी मागं ओढतीय, पण तो खुरांनी जमिनीला मागं रेटतो आणि जमीन त्याला पुढं रेटते, तो रेटा जास्त. ते दोन सारखे फोर्स दोन वेगळ्या वस्तूंवर लागतायत, एकाच्या पैशातनं दुसऱ्याचं कर्ज वजा होत नाही.

रेल्वेचं तोंडी करून टाकू. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेलेली आठवतीय का, जलदूत. आधी १० वॅगनची गेली, मग ५० वॅगनची, एका वॅगनमध्ये ५० हजार लिटर म्हणजे ५० टन पाणी. रिकाम्या वॅगनचं वजन गणितासाठी ३० टन धरा, म्हणजे भरलेली ८० टन. ए ०.०५ धरा, रुळाचा विरोध सोडा. शेवटच्या कपलिंगवर ८०००० × ०.०५ = ४००० न्यूटन. आणि इंजिनाच्या मागच्या पहिल्या कपलिंगवर? मागं ५० वॅगन आहेत, ५० × ४००० = २ लाख न्यूटन. तिसाव्या आणि एकतिसाव्या वॅगनच्या मधे? मागं २० राहिल्या, ८० हजार. काही सूत्र लागलं का, नाही, मागं किती आहेत तेवढं मोजलं.

आता विहिरीवर चला, कारण खरी मारामारी उभ्या दोरीत आहे.

मी स्वतः अकरावीत असताना लटकलेली वस्तू दिसली की टी = एमजी असं डोळे झाकून लिहायचो. युनिट टेस्टला तीन गणितं आली, तिन्ही चुकली, आणि सरांनी पेपरवर लाल पेननं फक्त एवढंच लिहिलं होतं, मग ते खाली कशाला जाईल? चार दिवस डोकं खाजवलं तेव्हा उजेड पडला. टेन्शन वजनाएवढंच असेल तर वर आणि खाली सारखंच झालं, मग ए शून्य. वस्तू वेग घेत खाली जायला पाहिजे असेल तर टेन्शन वजनापेक्षा कमीच पाहिजे, वेग घेत वर जायला पाहिजे असेल तर जास्त.

हे पोरांना पटवायला मी दोन विहिरी करतो. दोन्हीवर रहाट, दोन्हीत ५ किलोचा पाण्यानं भरलेला पोहरा, म्हणजे वजन ५० न्यूटन. पहिल्या विहिरीवर आजोबा हातानं दोरी १०० न्यूटन जोरानं ओढतात. दुसऱ्या विहिरीवर दोरीच्या दुसऱ्या टोकाला १० किलोचा दगड बांधून सोडून देतात, त्याचं वजनपण १०० न्यूटनच. पोहरा कुठं जोरात वर येईल? वर्ग एका आवाजात, सारखंच सर.

पहिली विहीर: १०० − ५० = ५ × ए, म्हणून ए = १०.

दुसरी विहीर, इथं दोन वस्तू आहेत, दोन समीकरणं.

दगड: १०० − टी = १० × ए
पोहरा: टी − ५० = ५ × ए
बेरीज: ५० = १५ × ए

ए आलं ३.३३, आणि टी आलं ६६.७ च्या आसपास. हाताच्या तिसरा हिस्सा. का, तर दगडाला पोहरा ओढायचाच आहे, पण स्वतःचे १० किलोपण हलवायचेत, त्यातच त्याच्या बळाचा तिसरा हिस्सा जातो. हाताला तो त्रास नाही, आपण हाताचा जोर सरळ १०० दिला. त्यामुळं गणितात १०० न्यूटननं ओढलं लिहिलंय की १० किलो लटकवलंय लिहिलंय हे दोनदा वाचायचं, सीईटीला हाच खड्डा खणलेला असतो.

दोन समीकरणांची बेरीज केली की टी उडून जातो हे बघितलं ना, तो नेहमीच उडणार, कारण एकाला तो पुढं आणि दुसऱ्याला मागं. तुमच्या बेरजेत टी उडाला नाही तर कुठंतरी दिशा चुकलीय. दिशा धरताना वर म्हणजे प्लस असं सगळ्यांना एकच लावू नका, दोरीच्या बाजूनं चला, दगडाला खाली प्लस, पोहऱ्याला वर प्लस, म्हणजे दोघांचा ए एकच राहतो.

एका कप्पीवर १२ किलो आणि ८ किलो, हे पेपरमधलं लाडकं. एकत्र धरा, ओढणारा १२० − ८० = ४०, हलणारं २० किलो, ए = २. ८ किलोवाल्यासाठी टी − ८० = १६, टी = ९६. १२ वाल्यावर ताळा, १२० − ९६ = २४ = १२ × २. टेन्शन कायम दोन वजनांच्या मधेच येतं, इथं ८० आणि १२० च्या मधे ९६. तुमचं उत्तर १३० किंवा २०० आलं तर पुढं जाऊ नका. कप्पी जिला टांगलीय त्या हुकवर किती, तर दोन दोऱ्या खाली ओढतायत म्हणून २ × ९६ = १९२. हुकवर २०० येत नाही हे ऐकून पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात, पण एकूण माल खालच्या बाजूला सरकायलाय, मग हुकला थोडं हलकं वाटणारच. हात लावून कप्पी धरली आणि सगळं थांबवलं की परत २००.

या कप्पीला ॲटवूडचं मशीन म्हणतात. केंब्रिजचा जॉर्ज ॲटवूड, १७८४ ला त्यानं याबद्दल छापलं. त्याला कप्पीचं कौतुक नव्हतं, त्याला वस्तूचं पडणं हळू करून मोजायचं होतं, त्या काळातल्या घड्याळानं फ्री फॉल मोजणं अवघड. एका बाजूला ५१ आणि दुसऱ्या बाजूला ४९ घ्या, ए येतो ०.२, म्हणजे सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ५ मीटर जायची ती इथं १० सेंटिमीटर जाते. डोळ्यानं बघत बसा.

हे सगळं दोरी हलकी आणि कप्पी गुळगुळीत आहे म्हणून चालतंय, म्हणूनच दोन्ही बाजूला टी सारखा. कप्पीला वजन दिलं असेल आणि ती फिरत असेल तर दोन बाजूंचे टी वेगळे घ्यावे लागतात, ते बारावीच्या रोटेशनमध्ये.

घर्षणावर जरा थांबतो कारण इथं चांगली चांगली पोरं पडतात. टेबलावर ६ किलो हळदीची पिशवी, तिला दोरी, दोरी टेबलाच्या कडेच्या कप्पीवरनं खाली, खाली ४ किलोचं वजन. थांबलेलं असतानाचा म्यू, म्हणजे टेबलावरच्या दाबाच्या किती पट घर्षण होऊ शकतं तो आकडा, ०.४, सरकतानाचा ०.३. पहिलं काम ए काढायचं नाही. पहिलं काम, हलतंय का ते बघायचं. पिशवीचं वजन ६०, टेबल तिला जास्तीत जास्त ०.४ × ६० = २४ न्यूटनपर्यंत धरून ठेवू शकतं. खालचं वजन ४० नं ओढतंय, म्हणजे हलणार. हलल्यावर घर्षण ०.३ × ६० = १८. एकत्र धरा, ४० − १८ = २२, मास १०, ए = २.२. टी = ४० − ४ × २.२ = ३१.२. पिशवीवर ताळा, ३१.२ − १८ = १३.२ = ६ × २.२.

आता खाली ४ च्या जागी २ किलो लावा. घाईघाईत सूत्रात घातलं तर २० − १८ = २, भागिले ८, ए = ०.२५, उत्तर लिहून पुढं. आणि चूक. कारण २० न्यूटन २४ च्या खाली आहे, पिशवी जागची हललीच नाही. ए शून्य, टी २०, आणि घर्षण किती? २४ नाही, २०. घर्षण जेवढ्यास तेवढं असतं, समोरचा जेवढं ओढेल तेवढंच ते उलट ओढतं, २४ ही त्याची वरची हद्द आहे. सीईटीला चार ऑप्शनमध्ये ०.२५ बरोबर पहिल्या नंबरला ठेवलेलं असतं बघा.

दोरी नसून नुसतं टेकून ठेवलेलं असेल तरी तळहात तोच. तेल सांडलेल्या शहाबादी फरशीवर ३० किलोची आणि १० किलोची गुळाची ढेप एकमेकीला चिकटून, फरशी एवढी निसरडी की घर्षण शून्य. ३० च्या बाजूनं ८० न्यूटननं ढकललं, ए = ८० ÷ ४० = २. लहान ढेपेला फक्त मोठी ढेप शिवतीय, तुमचा हात शिवत नाही, म्हणून मधला जोर १० × २ = २०. आता १० किलोच्या बाजूनं ढकला. ए तोच २, पण आता मधल्या जोरावर ३० किलोची ढेप हलवायचीय, ३० × २ = ६०. ढकललं तेवढंच, पण मधे तिप्पट दाब. हाताचे ८० चे ८० दुसऱ्या ढेपेपर्यंत पोचतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हे स्वतः करून बघा, तेल मात्र घरी सांडू नका.

उतारावरचं गणित वेगळं नाही, फक्त वजनाचे दोन तुकडे करायचे. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरचा घाट लागतो, तिथला रस्ता ३० अंशाचा असता तर एसटी वर गेलीच नसती, पण पुस्तकाला ३० अंश आवडतो. ३० अंश म्हणजे उतारावर २ मीटर गेलं की १ मीटर उंची. उतारावर १० किलो, वरच्या कप्पीवरनं दुसऱ्या बाजूला ६ किलो लटकलेलं. उतारावरनं खाली ओढणारा तुकडा १०० × साईन ३० = ५०. साईन की कॉस हा घोळ पाठ करून सोडवू नका, उतार शून्य केला तर रस्ता सपाट, सपाट रस्त्यावर गाडी आपोआप घसरत नाही, म्हणजे तो तुकडा शून्य व्हायला पाहिजे, शून्याला शून्य साईन होतो. पलीकडं ६० ओढतंय, म्हणून १० किलो वर जाणार, ए = (६० − ५०) ÷ १६ = ०.६२५. टी = ५६.२५. टी पन्नास आणि साठच्या मधे आहे, बरं वाटतं.

यात घर्षण आलं की पोरं विचारतात, घर्षण वर काढू की खाली? आधी घर्षण नाही असं समजून बघायचं की वस्तू कुठं जायला बघतीय, इथं वर, मग घर्षण खाली. वजनाचा दुसरा तुकडा उतारावर दाबतो, १०० × कॉस ३० = ८६.६, म्हणून म्यू ०.२ असेल तर हद्द ०.२ × ८६.६ = १७.३ च्या आसपास, आणि ओढाओढीचा फरक फक्त १०. हलत नाही. घर्षण १० न्यूटन, उताराच्या खालच्या दिशेला, संपलं गणित.

शेवटी सरकती कप्पी, जिला पोरं घाबरतात. कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही शेडमध्ये चेन ब्लॉकनं जड मशीन एक माणूस उचलताना दिसतो, साखळी हातानं सरासरा ओढतो आणि मशीन मुंगीच्या चालीनं वर येतं. जास्त ओढायचं आणि कमी उचलायचं, सरकत्या कप्पीत गोष्ट तीच. दोरीचं एक टोक छताला, दोरी खाली येऊन सरकत्या कप्पीखालनं वळून परत वर, छताच्या कप्पीवरनं दुसऱ्या बाजूला खाली. सरकत्या कप्पीला ८ किलो, मोकळ्या टोकाला ६ किलो. कप्प्या हलक्या.

इथं दोघांचा ए सारखा नसतो, एवढी एकच नवीन गोष्ट आहे. कप्पी १ मीटर वर यायची तर तिच्या दोन्ही बाजूची दोरी १-१ मीटर कमी व्हायला पाहिजे, म्हणजे मोकळ्या टोकाला २ मीटर दोरी गेली. दोरी ताणून लांब होत नाही, ती कुठंतरी जाणारच. म्हणून ८ किलोचा ए तर ६ किलोचा २ए. आणि कप्पीला दोन दोऱ्या वर ओढतायत, म्हणून २टी.

६ किलो: ६० − टी = ६ × २ए = १२ए
८ किलो: २टी − ८० = ८ए

पहिल्याला २ नं गुणून बेरीज करा, टी उडाला, १२० − ८० = ३२ए, ए = १.२५. टी = ६० − १५ = ४५. ताळा, ९० − ८० = १० = ८ × १.२५. आणि बघा, ६ किलो खाली येतंय आणि ८ किलो वर जातंय, हलकं जिंकलं. हे उत्तर आल्यावर पोरं खोडून परत करायला बसतात, करू नका, दोन दोऱ्यांचा हिशोब आहे तो.

आता एक तुम्हाला, परत तासगाव रोडवर. एक ट्रॉली भरलेली १० टन, विरोध ३०००. दुसरी रिकामी २ टन, विरोध ६००. ए तोच ०.२. एकदा रिकामी मागं जोडली, एकदा भरलेली मागं जोडली. दोन्ही वेळेला दोन्ही पिनांवर किती जोर? वही घ्या, तळहात ठेवा, मागनं सुरू करा. रिकामी मागं असेल तर मधल्या पिनवर १००० आणि पुढच्यावर ६००० यायला पाहिजे. भरलेली मागं असेल तर मधल्यावर ५०००, आणि पुढच्यावर परत ६०००च.